टाकी उजवीकडे, धक्का डावीकडे

४ फेब्रुवारी

प्रिय सेकंदबाई,

पत्र बघून दचकू नकोस. सगळे धडधाकट आहेत, आणि तुझा भाऊ अजूनही जेवण झाल्यावर "आज मीठ जरा..." एवढंच म्हणून उरलेलं वाक्य माझ्यावर सोडतो. पत्र अशासाठी की फोनवर बोलायची सोय राहिलेली नाही. आई आमच्याकडे राहायला आल्यापासून या घरात गुपित म्हणून काही उरलेलं नाही. डोळ्यांना जाड चष्मा आहे, गुडघे कुरकुरतात. पण उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांची बोलणी जोडून देण्यात गेला, त्या बाईचे कान आहेत ते! परवा मी न्हाणीघरात, नळ सोडून, माझ्या बहिणीशी कुजबुजत बोलले. बाहेर आले तर आई पेपरातून मान वर न काढता म्हणाल्या, "पाय मुरगळला असेल तर शेकू नका म्हणावं. गार पाणी." म्हणून कागद. कागदाला आवाज नसतो.

तर मुद्दा असा. जुनं घर सोडून आई इथं आल्या खऱ्या, पण पोचल्या नाहीत अजून. त्यांची ती तपकिरी बॅग पलंगाखाली भरलेली आहे. सकाळी तिच्यातून कपडे काढतात, धुऊन वाळले की घडी करून परत तिच्यातच ठेवतात, आणि चेन अशी ओढतात की बाहेर रिक्षा थांबली असावी. मी कपाट रिकामं करून दिलं, आत छान कागद अंथरला. त्यात आजवर फक्त माझा कागद राहतोय. विचारलं, "आई, काही कमी आहे का?" तर म्हणतात, "छे गं, अगदी उत्तम." उत्तम म्हणजे काय ते तुला माहीतच आहे. हॉटेलला देतात तसला शेरा.

आणि त्यांच्या पलंगासमोर पांढरी भिंत आहे. पहाटे जाग आली की त्या तिच्याकडे बघत पडून असतात. एकदा मी चहा घेऊन गेले, तर माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "इथं सकाळ कुठून येते गं?" या खोलीची खिडकी शेजाऱ्यांच्या जिन्यात उघडते. तिथून सकाळ येत नाही, शेजारी येतात.

आमच्या ऑफिसातली हिशेबनीस घरच्या घरी फोटोचे कॅनव्हास करते. फोटो छापायचा, पांढऱ्या जेलने कॅनव्हासवर पालथा चिकटवायचा, वाळला की ओल्या बोटांनी कागद चोळून काढायचा. कागद जातो, चित्र राहतं. म्हणजे फोटो कागद सोडून कापडात राहायला जातो. हे ऐकलं आणि मला आईंची आठवण झाली. त्यांनाही असंच कुणीतरी अलगद उतरवून घ्यायला हवं.

तुझे नाना असताना त्यांनी जुन्या घराच्या खिडकीतून काढलेला तळ्याचा फोटो तुझ्याकडे आहे ना? तेवढा पाठव. नानांनी तुला सेकंदकाटा नाव ठेवलं, त्याला शोभेलशा वेगाने.

तुझी,
वहिनी

—

१३ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

तुझं पत्र आलं तेव्हा मी नववीच्या वह्या तपासत होते. एका मुलाने नदी समुद्रातून डोंगराकडे वाहवली होती. त्याला शून्य द्यायला पेन उचललं, तुझं पत्र वाचलं, आणि निम्मे गुण देऊन टाकले.

फोटो सोबत आहे. जपून हाताळ. नानांनी तो त्यांच्या बाकावर बसून काढलाय. तुला ती खोली आठवते का? तुम्ही दोघं आलात की बाहेरच्याच खोलीत असायचात. आतल्या खोलीत एकीकडे पलंग, आणि खिडकीला अगदी चिकटून नानांचं घड्याळं दुरुस्त करायचं बाक. त्यावर इवलेइवले स्क्रू, चाकं, स्प्रिंगा. दिवसभर त्या बाकाच्या पुढे कुणी जायचं नाही. "श्वास बाहेर टाकून ये," म्हणायचे. खिडकीपाशी फक्त मला परवानगी होती, तीही त्यांच्या मांडीवर, हात मागे बांधून. दादा धांदरट म्हणून त्याला नाही. त्याला त्यांनी तासकाटा नाव ठेवलं ते उगाच नव्हे. हलताना कधी दिसायचा नाही, पण काहीतरी पाडून मात्र ठेवलेलं असायचं.

तर भूगोलाच्या बाईंकडून नोंद घे : धक्का डावीकडे. त्याला बांधलेली एक होडी. समोरच्या काठावर होड्यांची शेड, तिच्यावर पाटी. उजवीकडे टेकडी आणि टेकडीवर पाण्याची टाकी. सकाळी तळ्यावर धुकं असलं की टाकी खालून कापल्यासारखी हवेत तरंगायची. मी लहानपणी ती खरंच उडते असं समजायचे, आणि नानांनी मला बरीच वर्षं समजू दिलं.

घर आवरताना त्या खोलीतलं आरशाचं कपाट मी आणलं, ते माझ्या झोपायच्या खोलीत आहे. बाकी सगळं विकलं, वाटलं. आईने त्या वेळी एका शब्दानेही काही मागितलं नाही, तेव्हा मला बरं वाटलं होतं. आता तुझं पत्र वाचून बरं वाटत नाहीये.

कॅनव्हास झाला की कळव. आणि वहिनी, तू अजून लिहिताना पुटपुटतेस का गं? तुझ्या साखरपुड्याच्या वेळी तू पाहुण्यांची यादी करत होतीस, तेव्हा कुणाकुणाला बोलवायचं नाही ते आम्हाला सगळं ऐकू आलं होतं.

तुझी,
सेकंद

—

२ मार्च

प्रिय सेकंद,

आधी गंमत सांगते, मग दुसरं.

औषधाच्या खोक्यात ती बारीक अक्षरांची घडी घातलेली चिठ्ठी असते ना, जी जगात कुणी वाचत नाही, ती मी पगार घेऊन वाचते. तेव्हा सूचना पाळणं हा माझा धर्म. हिशेबनीसबाईंनी बजावलं होतं की फोटो पालथा चिकटवायचा, म्हणून आधी तो आरशातल्यासारखा उलटा छापून घ्यायचा. डावीकडचं उजवीकडे. नाहीतर कॅनव्हासवर सगळं फिरेल. मी छापखान्यात उभी राहून तसा करून घेतला. ते म्हणाले, "कॉम्प्युटरवर ठेवतो मॅडम, परत लागला तर." मग घरी जेवणाच्या टेबलावर कॅनव्हास, त्यावर दाट पांढरं जेल, त्यावर फोटो पालथा, आणि जुन्या एटीएम कार्डाने मधून कडेकडे बुडबुडे हाकलायचे. रात्रभर वाळू दिलं. दुसऱ्या दिवशी ओलं फडकं ठेवलं आणि बोटाने चोळायला लागले.

काय सांगू तुला! आधी नुसती पांढरी पाटी. मग कागदाच्या बारीक वळ्या सुटायला लागल्या, आणि त्यांच्याखालून कुणीतरी झोपेतून कूस बदलावी तसं काहीतरी हललं. पाणी आलं. मग काठ. टाकी अर्धी आली आणि अर्धी धुक्यात. मी दुपारभर चोळत बसले होते. बोटांना सुरकुत्या पडल्या, भाजी करपली, आणि मला वाटत होतं की मी चित्र करत नाहीये, कुठल्यातरी सकाळीवरची साय काढतेय. असं काही वाटायची मला सवय नाही. दुसऱ्या दिवशी ताप आहे का ते बघितलं.

तुझ्या भावाने खिळा ठोकला. दोन जागा चुकून, तिसरीकडे. कॅनव्हासने दोन्ही भोकं झाकली, तेवढाही उपयोग झाला. आणि मग आईंना आत आणलं.

त्या पलंगावर बसल्या. चष्मा पुसला. बराच वेळ बघितलं. म्हणाल्या, "छान केलंयस गं. मेहनत दिसते." शेरा तोच, हॉटेलचा.

तुझा भाऊ म्हणाला, "आई, अगं तुझी खिडकी आहे ती!"

"माझी?" आईंनी मान हलवली. "ही माझी खिडकी नव्हे."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. मग त्या उठून जवळ गेल्या, समोरच्या काठावरच्या पाटीवर बोट ठेवून वाचलं, "होड्या दुरुस्त करून मिळतील." आणि लहान मुलीसारख्या हसल्या. "असं लिहिलं होतं होय तिथं!"

सेकंद, त्या घरात त्यांची जवळजवळ सगळी हयात गेली.

तुझ्या भावाचा चेहरा पार उतरला. आणि त्याला घाबरलं की परीक्षा घ्यायची सवय आहे. "आई, हा महिना कोणता चालू आहे?" आई म्हणाल्या, "तुला माहीत नसेल तर कॅलेंडर बघ." "आई, माझा वाढदिवस कधी असतो?" "तू विसरलास वाटतं? बरं झालं. वय लपेल." याला त्याने काय मानावं? उत्तर टाळणं. म्हणे पुस्तकात लिहिलंय, सुरुवातीला स्मृतिभ्रंश झालेले लोक असंच चतुराईने उत्तर टाळतात.

मी म्हटलं, मग तू लग्नापासून आजारी आहेस.

पण हसू आलं नाही गं. तूच सांग. ती खिडकी न ओळखणं म्हणजे काय?

वहिनी

—

११ मार्च

प्रिय वहिनी,

पत्र शाळेत वाचलं. नंतरच्या तासाला नकाशा उलटा टांगला आणि अख्खा तास उत्तर ध्रुव खाली ठेवून शिकवला. एकाही मुलाने सांगितलं नाही.

तू चोळताना काही पुसलं तर नाहीस? टाकी नीट आलीये का? टाकी दिसली तर ती ओळखणार नाही असं होणारच नाही. शक्य असेल तर फोटो आणि कॅनव्हास शेजारी धरून बघ. धक्का डावीकडे, टाकी उजवीकडे. तसंच असेल तर मग दोष चित्राचा नाही.

दादाचा फोन आला होता. तो बोलत होता आणि मागून आईचा आवाज येत होता, "तिला सांग, खोकल्यावर पाणी पी." मी खोकले नव्हते, नुसता घसा साफ केला होता. असे कान असलेली बाई, आणि तिची खिडकी हरवते?

दादा म्हणतो की तुम्ही दोघं दिवसभर बाहेर. ती एकटी. गॅस आहे, जिना आहे. तो एका ठिकाणाची चौकशी करतोय. बाग आहे, नर्स आहे. मी त्याला नाही म्हणाले नाही, वहिनी. माझ्याकडे तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि मी सकाळी सातला घराबाहेर. "नाही" म्हणायला जवळ दुसरं काहीतरी असावं लागतं, ते नव्हतं. आधी डॉक्टरांना दाखवा, एवढंच म्हटलं.

तुला काय वाटतं ते तू लिहिलं नाहीस.

सेकंद

—

२३ मार्च

प्रिय सेकंद,

चित्रात खोट नाही. मी फोटो शेजारी धरून बघितला. पोटापाण्यासाठी चुका शोधते मी, मला सापडली असती.

डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर वयाने माझ्या भाच्याएवढे. त्यांनी आईंना शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं. आई म्हणाल्या, "का? कोण घेऊन चाललंय?" मग त्यांनी कागदावर घड्याळ काढायला सांगितलं. घड्याळजीच्या बायकोला! आईंनी पेन खाली ठेवलं आणि तोंड मिटून घेतलं, ते घरी येईपर्यंत उघडलं नाही. डॉक्टर एवढंच म्हणाले की वय आहे, लक्ष ठेवा. तुझ्या भावाने त्यातून जे ऐकायचं ते ऐकलं.

ते ठिकाण बघून आलो. पाटीवर मावळता सूर्य काढलाय. असल्या ठिकाणी निदान दुपार तरी काढावी, असं मी मॅनेजरला म्हटलं. त्याला समजलं नाही. खोल्या स्वच्छ आहेत, माणसं बरी आहेत, मला दोष काढता आला नाही आणि त्याचाच राग आला. दहा एप्रिलला न्यायचं ठरतंय. आधी महिनाभर, बघू म्हणून. बघू म्हणजे काय ते आपल्या घरात सगळ्यांना कळतं.

तू विचारलंस मला काय वाटतं. मला वाटतं की ज्या बाईने आपला एक कपडासुद्धा माझ्या कपाटात ठेवला नाही, तिच्यासाठी मी एवढी का चिडतेय ते मला कळत नाही. मला वाटतं की परवा मी ऑफिसातून आले तर त्यांनी माझ्या करपलेल्या कढईचा तळ घासून लख्ख करून ठेवला होता, आणि त्याबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. ज्यांचं डोकं ठिकाणावर नसतं ते असं करतात का? तुझ्या भावाला हे मी सांगितलं नाही. त्याने त्याचंही काहीतरी लक्षण काढलं असतं.

निदान तिथल्या खोलीसाठी एक नवा कॅनव्हास करते. पहिला त्यांना नकोच आहे. भिंत मोकळी दिसू नये म्हणून तो तसाच आहे, आणि त्या त्याच्याकडे पाठ करून झोपतात. या वेळी कागद चोळायला त्यांनाच बसवीन म्हणते. स्वतःच्या हाताने केलं तर कदाचित आपलं वाटेल.

बॅग तर काय, भरलेलीच आहे. तेवढं काम वाचलं.

वहिनी

—

५ एप्रिल

प्रिय सेकंद,

बसून वाच. वर्गात वाचू नकोस, उत्तर ध्रुवाचं काय होईल सांगता येत नाही.

काल सुट्टी. तुझा भाऊ बाहेर गेला होता. आदल्या दिवशी चिकटवून ठेवलेला कॅनव्हास मी टेबलावर ठेवला, वाडग्यात पाणी दिलं, आणि आईंना म्हटलं, "चला, मदत करा." त्यांनी बाह्या वर केल्या. मी कांदे चिरत समोर बसले.

त्यांची बोटं बघितलीस कधी नीट? एक्स्चेंजमधली बोटं. घाई नाही, आणि बोर्डाच्या नेमक्या भोकात तार खोचणारी. त्यांनी उजव्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. कागदाच्या वळ्या सुटल्या, खालून पाणी आलं, आणि पाण्यात काळी रेघ. आई थांबल्या. बोट तिथंच ठेवून वाकल्या. चष्मा कपाळावर सरकवला.

"हा धक्का," म्हणाल्या.

धक्का उजवीकडे? मी सुरी खाली ठेवली. मला वाटलं, झालं. आता यांना डावं-उजवंही कळेनासं झालं.

मग त्यांनी दुसऱ्या टोकाला, डावीकडे, कोऱ्या पांढऱ्या कागदावर बोट टेकवलं. तिथं अजून काही काही नव्हतं. "टाकी इथं येईल बघ," म्हणाल्या. "आणि हिच्या खाली पांढरं असेल. धुकं."

टाकी उजवीकडे, टाकी उजवीकडे, तू दोन पत्रांतून लिहिलंयस. "हो का," एवढंच म्हटलं, आपण लहान मुलांना म्हणतो तसं. आई तिथं चोळत राहिल्या. मला त्यांचा हात धरून थांबवावंसं वाटत होतं, कारण तिथं टाकी निघणार नव्हती, आणि ती निघाली नाही म्हणजे त्यांना स्वतःलाच कळणार होतं.

आणि त्यांच्या बोटाखालून टाकी वर आली.

जिथं म्हणाल्या तिथं. खालून धुक्याने कापलेली, तरंगणारी. आई शेडपाशी आल्या, कागद न काढताच म्हणाल्या, "आणि इथं ती पाटी. मला कधी वाचताच आली नाही मेली." कागद निघाला. पाटीवरची सगळी अक्षरं उलटी होती.

आता हसायचं तर हस. मी छापखान्यात जाऊन सांगितलं होतं, "तोच फोटो, उलटा करून द्या." त्यांच्याकडे ठेवलेला आधीच उलटा केलेला होता. त्यांनी माझ्या आज्ञेप्रमाणे तो पुन्हा उलटा केला, म्हणजे सुलट केला, आणि मी, औषधाच्या चिठ्ठीतला अर्धविराम पकडणारी बाई, तो न बघता घरी आणून चिकटवला. सगळं तळं फिरलं.

मी म्हटलं, "आई, हे तर उलटं झालंय!"

"उलटं कुठलं? ही माझी खिडकी," म्हणाल्या. "भिंतीवर लावलीयस ती त्यांची."

मग सांगितलं. सेकंद, तुझे नाना घोरायचे. म्हणून आई आयुष्यभर त्यांच्याकडे पाठ करून, कपाटाकडे तोंड करून झोपल्या. सकाळी डोळे उघडले की समोर कपाटाचा आरसा, आणि आरशात मागची खिडकी. दिवसभर खिडकीपुढे बाक आणि बाकावर स्क्रू, म्हणून त्या कधी तिथं उभ्याच राहिल्या नाहीत. मग एक्स्चेंजची पाळी, मग घर. त्यांनी ते तळं रोज बघितलं, पण आरशातच. धक्का उजवीकडे, टाकी डावीकडे, आणि वाचता न येणारी पाटी. आणि खालच्या कोपऱ्यात पाठमोरे नाना. ते आधी उठून, आवाज न करता, बाकावर बसून चहा प्यायचे.

मी विचारलं, "अहो आई, पण मग त्या दिवशी सांगितलं का नाहीत?"

"कुणी विचारलं? 'मग तुमची कुठली?' असं विचारलंत का कुणी? सगळ्यांनी महिना विचारला."

मी कांद्यांवर ढकललं सगळं. कांदे समोर होतेच.

शेवटी खालचा कोपरा राहिला. तिथं कागदाचा एक पांढरा ढग शिल्लक होता, वाटीएवढा. मी बोट ओलं केलं, तर त्यांनी माझं मनगट धरलं. "तेवढं राहू दे," म्हणाल्या. "तिथं ते बसतात."

तुझ्या भावाला संध्याकाळी टेबलापाशी बसवलं आणि त्याच्यासमोर आईंना विचारलं, "आई, पहिल्या चित्रात काय चुकलंय?" आईंनी सगळं सांगितलं, वर शंभरातून सात-सातही वजा करून दाखवले, दोनपर्यंत. त्याने उठून मॅनेजरला फोन केला. दहा तारीख रद्द. तासकाटा हलताना मी पहिल्यांदा प्रत्यक्ष बघितला.

पहिला कॅनव्हास चौकटीवरून काढून, गुंडाळून तुझ्याकडे पाठवतेय. मांडीवर बसून तू बघितलेली खिडकी ती. आईच म्हणाल्या, "तो तिचा आहे, तिला दे."

वहिनी

—

१६ एप्रिल

प्रिय वहिनी,

मी घरीच वाचलं. शाळेला कळवलं की तब्येत बरी नाही. खोटं नव्हतं.

मी दोन पत्रांतून तुला धक्का डावीकडे म्हणून बजावलं. नकाशे शिकवणारी बाई, आणि त्या खोलीत दुसरंही एक माणूस झोपत होतं, त्याला काय दिसत असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही. आई कपाटाकडे तोंड करून झोपायची ते मला पक्कं आठवतं. मला वाटायचं ती नानांवर रुसलीये. मी त्यावरून नानांशी भांडलेसुद्धा होते. ते म्हणाले होते, "नाही गं, ती तिकडून बघते." मला तेव्हा समजलं नाही, आणि त्यांनी समजावलं नाही. त्यांना माहीत होतं वहिनी. ती जागी असते हे त्यांना माहीत होतं.

कॅनव्हास पोचला. पट्टीवर ठोकून लावला. कुठं लावला ते सांगते. पलंगाच्या मागच्या भिंतीवर, बरोबर कपाटासमोर. मग आडवी झाले, कपाटाकडे तोंड केलं.

आरशात धक्का उजवीकडे होता.

मी तशीच पडून राहिले. पाटी वाचायचा प्रयत्न केला, येईना. पंख्याने कॅनव्हासची कड हलत होती आणि पाणी हलल्यासारखं वाटत होतं. डोळा लागला, आणि झोपेतच मला कुणीतरी बशीत कप ठेवल्याचा आवाज आला. अगदी हळू. दुसऱ्याला जाग येऊ नये म्हणून ठेवतात तसा. जागी झाले तर मी घरात एकटीच.

कपाट आईला पाठवून देऊ का? टेम्पो मिळेल. मी ते घेतलं तेव्हा मला नुसतं कपाट वाटलं होतं. तिला विचार. या वेळी विचारून करू.

सेकंद

—

२४ एप्रिल

चि. सेकंद,

अनेक आशीर्वाद. तुझी वहिनी ऑफिसला गेली आहे, तिच्या पॅडमधला कागद घेऊन लिहिते. तिला विचारलेलं नाही. ती कागद मोजत नाही, मीठही मोजत नाही.

कपाट पाठवू नकोस. ते इथं आणून त्या चित्रासमोर ठेवलं तर पुन्हा सगळं सुलट होईल, आणि मग पुन्हा तारीख-महिना सुरू. तुझ्याकडेच राहू दे. तुला त्यात दिसतं ना, मग झालं.

तुला एक सांगते, तिला सांगू नकोस. ती समजते की कागदाला आवाज नसतो. तिला नसेल ऐकू येत. लिहिताना तिचे ओठ चालतात, आणि ती जेवणाच्या टेबलावर लिहिते, माझ्या भिंतीच्या पलीकडे. पहिल्या पत्रापासून सगळं ऐकलंय मी. हॉटेलचा शेराही ऐकला. बाग, नर्स, दहा तारीख, सगळं. एक्स्चेंजमध्ये आम्हाला शिकवलं होतं, ऐकू आलं तरी मध्ये बोलायचं नाही. म्हणून बोलले नाही. पण तुला लिहिताना ती माझ्यासाठी जशी चिडत होती, तसं माझ्यासाठी यापूर्वी कुणी चिडलेलं ऐकलं नव्हतं. तुझे वडील चिडायचे, पण ते स्क्रू हरवला म्हणून. ती कढई मी त्याची परतफेड म्हणून नाही घासली. ती करपलेलीच होती, मला बघवेना. हे मात्र तिला कळलं तरी चालेल.

तासकाटा काल चित्र बघायला माझ्या खोलीत आला. जवळ जाऊन म्हणतो, "आई, या कोपऱ्यात जरा घासायचं राहिलंय," आणि अंगठा तोंडात घालून ओला केला. मी हातावर फटका मारला. एवढा घोडा झाला तरी अजून त्याला खिडकीपाशी जायची परवानगी नाही.

कपडे कपाटात लावले. तिने अंथरलेला कागद चांगला आहे, फुलाफुलांचा. बॅग माळ्यावर टाक म्हणून त्याला सांगितलंय. तो "उद्या" म्हणाला. म्हणजे पडेल कधीतरी.

समोरची भिंत आता बरी आहे. सकाळी शेजाऱ्यांच्या जिन्यातला दिवा लागतो, त्याचा उजेड तिरपा येऊन आधी टाकीवर पडतो, मग पाण्यावर उतरतो, आणि मग तो पांढरा कोपरा उजळतो. तुझी वहिनी चहा घेऊन दारात येते. मला जाग आलेली असते. पण मी डोळे मिटून पडून राहते थोडा वेळ, पूर्वीसारखी.

त्यांचा चहा संपेपर्यंत.

तुझी,
आई